मुधोळहून आणलेले कारवानी पिल्लू घरी रुळवताना

प्रश्न असा आहे : आम्ही पुण्यात तिसऱ्या मजल्यावरील फ्लॅटमध्ये राहतो. तीन दिवसांपूर्वी कर्नाटकातील मुधोळहून कारवानी (मुधोळ हाउंड) जातीच्या कुत्र्याचे नऊ आठवड्यांचे पिल्लू गाडीने घरी आणले. सात-आठ तासांच्या प्रवासात त्याला दोनदा उलटी झाली. घरी आल्याबरोबर त्याला शाम्पूने आंघोळ घातली. तेव्हापासून ते सोफ्याखालून फारसे बाहेर येत नाही, दूध-पोळी अगदी थोडी खाते, शी पातळ होते आणि रात्रभर रडते. मुले आणि शेजारी जवळ गेले की थरथरते. एक लस झाली आहे, असे विकणाऱ्याने सांगितले. पुढच्या शनिवारी आम्हाला साताऱ्याला जायचे आहे, तर त्याला सोबत न्यावे का?

उत्तर : आपण लिहिलेल्या बहुतेक गोष्टी प्रवासाच्या आणि आईपासून झालेल्या ताटातुटीच्या ताणातून येतात आणि योग्य वागणूक मिळाली की ओसरतात. मात्र तिसऱ्या दिवशीही अन्न कमी जाणे आणि त्याच वेळी शी पातळ असणे, या दोन गोष्टी एकत्र आल्या की ताणावर बोट ठेवून थांबू नये. नवीन घरात पहिला अर्धा-एक दिवस पिल्लू जेवत नाही, हे मी नेहमी पाहतो आणि ते पाणी पीत असेल तर मला त्याची फार चिंता वाटत नाही. परंतु या वयाच्या पिल्लाच्या शरीरात साठा थोडा असतो, जुलाबाने अंगातील पाणी झपाट्याने कमी होते आणि कारवानीसारख्या मुळातच सडपातळ जातीत अशक्तपणा डोळ्यांना उशिरा दिसतो. म्हणून हे उत्तर वाचून झाल्यावर आजच त्याला जवळच्या पशुवैद्यकाकडे न्यावे. जाताना ताज्या शीचा थोडा नमुना स्वच्छ डबीत घ्यावा, विकणाऱ्याने दिलेले लशीचे कार्ड घ्यावे, आणि कार्ड नसेल तर त्याला फोन करून कोणती लस, कोणत्या तारखेला आणि जंतांचे औषध केव्हा दिले, हे विचारून लिहून घ्यावे. लशीच्या कुपीवरचे चिकटपत्र आणि पशुवैद्यकाची सही कार्डावर नसेल, तर ती लस झालीच नाही असे धरून पुढचे वेळापत्रक आखणे सुरक्षित असते.

मी तपासणीवर इतका भर देतो, याचे कारण पार्व्हो, म्हणजे पिल्लांच्या आतड्यांना होणारा जीवघेणा विषाणूजन्य आजार. या विषाणूची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा तीन ते सात दिवस जातात, कधी दोन आठवडेही लागतात. म्हणजे पिल्लू जिथे वाढले तिथे, किंवा वाटेत एखाद्या ढाब्यापाशी आपण त्याला लघवीसाठी जमिनीवर सोडले असेल तर तिथे, त्याला लागण झाली असली तरी ती नेमकी घरी आल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात वर येते, आणि घरचे लोक मात्र ‘प्रवासाने दमले आहे’ असे समजून दोन दिवस घालवतात. पिल्लू सुस्त होणे, वारंवार उलटी होणे, शीला अतिशय उग्र घाण वास येणे, तीत रक्त दिसणे, यांपैकी काहीही दिसले तर रात्र असली तरी दवाखाना गाठावा. पार्व्होमध्ये शिरेतून सलाईन किती लवकर सुरू झाले, यावर पिल्लाचे जगणे मोठ्या प्रमाणात ठरते. उलट शी पातळ आहे, पण पिल्लू डोळ्यांत तजेला ठेवून आहे, शेपूट हलवते, खायला मागते, उलटी नाही, अशी स्थिती असेल तर अन्नबदल, जंत किंवा जिआर्डिया-कॉक्सिडियासारखे आतड्यातील परजीवी यांची शक्यता अधिक असते आणि शीच्या तपासणीत त्यांचा उलगडा होतो.

घरी पाहण्यासारख्या दोन गोष्टी सांगतो. पिल्लाचा वरचा ओठ उचलून हिरडी पाहावी. ती गुलाबी आणि ओलसर असावी, आणि बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हावा. हिरडी चिकट लागली तर शरीरात पाणी कमी आहे. ती फिकट असेल तर रक्त कमी आहे, आणि या वयात त्याचे कारण बहुधा अंकुशकृमी किंवा गोचीड असते. दुसरी गोष्ट वजन. घरातील काट्यावर आपण त्याला घेऊन उभे राहावे, मग एकट्याने उभे राहावे आणि फरक वहीत लिहावा. वाढत्या पिल्लाचे वजन दोन दिवस सलग घटणे कोणत्याही परिस्थितीत चांगले लक्षण नाही. निरोगी पिल्लाचे गुदद्वारातून मोजलेले तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट, म्हणजे माणसापेक्षा जास्तच असते. त्यामुळे ‘अंग गरम लागते’ म्हणून त्याला माणसाची पॅरासिटामॉलची गोळी देऊ नये, ब्रूफेन तर मुळीच देऊ नये. या गोळ्यांनी कुत्र्याचे यकृत, मूत्रपिंडे आणि जठर यांना गंभीर इजा होते.

आता अन्नाविषयी. दूध-पोळी आजपासून बंद करावी. आईचे दूध तुटल्यावर पिल्लाची दुधातील साखर पचवण्याची क्षमता कमी होत जाते, आणि गायी-म्हशीच्या दुधात ही साखर कुत्रीच्या दुधापेक्षा जास्त असते, त्यामुळे आपल्याकडील पिल्लांच्या जुलाबाचे हे एक फार साधे आणि फार मोठे कारण आहे. विकणाऱ्याला फोन कराल तेव्हा पिल्लू तिथे नेमके काय खात होते, हेही विचारावे. मुधोळ-जमखंडी भागात ज्वारीची किंवा मक्याची भाकरी ताकात किंवा पातळ दुधात कुस्करून देण्याची पद्धत आहे. तसे असेल तर पहिला आठवडा तीच भाकरी, दुधाऐवजी थोड्या ताकात किंवा मीठ-मसाला-कांदा नसलेल्या चिकनच्या पाण्यात मऊ करून द्यावी आणि सोबत उकडलेले अंडे किंवा चिकन द्यावे. केवळ भाकरीवर वाढत्या पिल्लाची प्रथिने आणि कॅल्शियम यांची गरज भागत नाही, म्हणून पुढे पिल्लांसाठीचे तयार खाद्य किंवा पशुवैद्यकाने आखून दिलेला घरगुती आहार लागेलच. पण तो बदल शी घट्ट झाल्यावर सुरू करावा आणि जुने थोडे कमी, नवे थोडे जास्त, असे करत सात ते दहा दिवसांत पूर्ण करावा. दिवसातून चार वेळा, ठरलेल्या वेळी, थोडे थोडे द्यावे. वाटी पंधरा-वीस मिनिटे ठेवून उचलून घ्यावी. पाणी मात्र सतत भरलेले असावे.

ज्या घरांत पिल्लू लवकर रुळते, त्या घरांत पहिले दहा दिवस जाणूनबुजून फार थोडे घडू दिलेले असते, असे मला वर्षानुवर्षे दिसत आले आहे. गाडी थांबली की आपल्या दृष्टीने प्रवास संपतो. पिल्लाच्या दृष्टीने मात्र आई, भावंडे, मातीची जमीन, ओळखीचा वास आणि ओळखीचे अन्न हे सर्व एकाच दिवसात गेलेले असते, आणि त्याच्या जागी गुळगुळीत फरशी, अनोळखी आवाज आणि आपल्यावर वाकणारी माणसे आलेली असतात. त्यात कारवानी ही जात मुळातच हळवी आणि परक्यांपासून अंतर राखणारी आहे. दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकाच्या पठारावर धनगरांबरोबर आणि शिकाऱ्यांबरोबर हे कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या राहिले. मुधोळ संस्थानाच्या मालोजीराजे घोरपडे यांनी त्याच्या पैदाशीकडे लक्ष दिले, २००५ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्याचे तिकीट काढले आणि आज मुधोळजवळ तिम्मापूर येथे या जातीसाठी कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे केंद्र आहे. मोकळ्या रानात दुरून सावज टिपून धावणारा हा कुत्रा आहे. कोणीही आले की अंगावर उड्या मारावे, असा त्याचा स्वभाव नाही, आणि पाहुण्यांना बिलगत नाही म्हणून त्याला भित्रा ठरवणे त्याच्यावर अन्यायाचे होईल.

म्हणून त्याला सोफ्याखालून ओढून काढू नये. ती जागा त्याने सुरक्षित म्हणून निवडली आहे आणि तिथून त्याला जबरदस्तीने काढणारा हात त्याच्या लक्षात राहतो. घरातील एक खोली त्याची ठरवावी. तिथे फरशीवर सतरंजी किंवा गोणपाट अंथरावे, कारण गुळगुळीत टाइल्सवर पाय घसरत राहिल्याने लांब पायांच्या पिल्लांना चालण्याचीच धास्ती बसते. एका कोपऱ्यात आडवे ठेवलेले मोठे खोके, त्यात मऊ अंथरूण, जवळच पाण्याची वाटी, आणि गॅलरीच्या गजांमध्ये अंतर असेल तर तिथे जाळी, इतकी तयारी पुरते. विकणाऱ्याकडून आईच्या अंगाखालचे एखादे फडके आणले असेल तर ते न धुता त्या अंथरुणात ठेवावे. घरातील एका माणसाने दिवसातून काही वेळा त्या खोलीत जमिनीवर, पिल्लाकडे पाठ किंवा कूस करून, काही न बोलता बसावे आणि उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे आपल्या आजूबाजूला टाकावेत. पहिला तुकडा ते तुम्ही उठून गेल्यावर खाईल, नंतर तुमच्या समोर, आणि मग एकदा येऊन तुमचा हात हुंगेल. त्या क्षणी त्याला उचलून घेण्याचा मोह टाळावा. छातीवर किंवा मानेच्या बाजूला दोन बोटांनी हलके खाजवावे आणि हात मागे घ्यावा. हात मागे घेतल्यावर ते स्वतःहून पुढे सरकले, तरच पुन्हा स्पर्श करावा.

शेजारी आणि नातेवाईक यांना पहिला आठवडा नम्रपणे थांबवावे. मुलांसाठी एकच नियम पुरेसा आहे : पिल्लू मुलाकडे येईल, मूल पिल्लाकडे जाणार नाही. झोपलेल्या आणि जेवणाऱ्या पिल्लाला कोणीही हात लावू नये. या वयात ते दिवसातून अठरा-वीस तास झोपते, आणि अपुरी झोप झालेले पिल्लू चिडचिडे होऊन जास्त चावते.

रात्रीच्या रडण्याबाबत आपल्याकडे एक समज पक्का आहे की ‘लक्ष दिले तर लाडावते, रडू दिले की गप्प बसते.’ मला हा समज मान्य नाही. आठ-नऊ आठवडे भावंडांच्या अंगाला अंग लावून झोपलेले पिल्लू एकटे पडल्यावर रडते, तेव्हा ते हट्ट करत नसते, ते घाबरलेले असते. ते शेवटी गप्प बसते, पण दमून, आणि एकटेपणाची भीती पुढे टिकून राहण्याचा धोका मागे उरतो. त्याचे खोके आपल्या पलंगाला लागून ठेवावे. ते कुरकुरले की हात खाली सोडावा, आपला वास आणि श्वास त्याला जाणवू द्यावा. गरम पाण्याची पिशवी जाड टॉवेलात गुंडाळून अंथरुणाच्या एका बाजूला ठेवली तर त्याला बरे वाटते, शिवाय या जातीची केसांची झूल तोकडी आणि चरबी कमी असल्याने पुण्याच्या थंडीत ऊब लागतेच. दोन-तीन तासांनी ते पुन्हा रडले तर बहुधा लघवी लागलेली असते. मोठा दिवा न लावता, खेळ न करता त्याला ठरलेल्या जागी न्यावे आणि परत आणून ठेवावे. साधारण एक ते दोन आठवड्यांत झोप स्थिरावते, त्यानंतर खोके हळूहळू हवे तिथे सरकवता येते.

लघवी-शीची सवय लावण्यासाठी जागा एकच हवी, आणि वेळ पिल्लाच्या शरीराकडून शिकावी. झोपेतून उठल्यावर लगेच, खाल्ल्यानंतर पाच ते वीस मिनिटांत आणि खेळ संपल्यावर त्याला हमखास लागते. जागा पहिल्या दिवसांत गॅलरीतील वर्तमानपत्राची असावी, कारण सोसायटीच्या आवारातील जमीन त्याच्यासाठी अजून सुरक्षित नाही. तिथे झाले की त्याच क्षणी खाऊचा तुकडा द्यावा. घरात चुकून झाले तर नाक घासणे, ओरडणे, वर्तमानपत्राने मारणे यांतून ते इतकेच शिकते की माणसासमोर लघवी करणे धोक्याचे आहे, आणि मग ते लपून करू लागते. पुसताना अमोनिया असलेले द्रव्य वापरू नये, त्या वासाने ते पुन्हा तिथेच जाते. फिनाइलही पिल्लाच्या पायांना आणि चाटण्यातून पोटाला अपायकारक आहे. पार्व्होची शंका असेल तर फिनाइलचा उपयोगही होत नाही. त्यासाठी आधी जागा स्वच्छ धुऊन, घरगुती ब्लीच एकास तीस या प्रमाणात पाण्यात मिसळून ते दहा मिनिटे राहू द्यावे लागते, पिल्लाला अर्थातच दूर ठेवून.

आंघोळ आता किमान दोन आठवडे नको. ती घालण्यामागे बहुधा गोचिडांची आणि वासाची काळजी असते, पण शाम्पूने गोचीड जात नाही. कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली आणि काखेत रोज बोटे फिरवून पाहावे आणि सापडलेला गोचीड चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ वर ओढावा. महाराष्ट्रात गोचिडांमुळे होणारे बॅबेसिया आणि एर्लिकिया हे रक्ताचे आजार सर्रास आढळतात, त्यामुळे औषध हवेच. मात्र ते पिल्लाचे वय आणि वजन पाहून पशुवैद्यकाने द्यावे, दुकानातून आणलेली पावडर किंवा जनावरांसाठीचे फवारणीचे औषध वापरू नये. जंतांचे औषध या वयात दर दोन आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनंतर सहा महिन्यांचे होईपर्यंत दरमहा द्यावे लागते. गोलकृमी आईच्या पोटातूनच पिल्लात येतात आणि त्यांची अंडी लहान मुलांच्या हातातून पोटात जाऊ शकतात, म्हणून पिल्लाशी खेळल्यावर हात धुण्याची सवय घरात सगळ्यांनाच असावी.

लशीच्या बाबतीत ‘एक झाली आहे’ हे पुरेसे नाही, आणि याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिकारद्रव्ये पिल्लाच्या रक्तात काही आठवडे असतात आणि ती लशीलाही निष्प्रभ करतात. ती नेमकी कोणत्या आठवड्यात संपतील, हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते. म्हणून डब्ल्यूएसएव्हीए या पशुवैद्यकांच्या जागतिक संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून, दर दोन ते चार आठवड्यांनी, १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत किंवा त्यापुढेही देण्यास सांगितले आहे. पिल्लू सध्या आजारी असेल तर लस बरे झाल्यावर देतात. रेबीजची लस तीन महिन्यांचे झाल्यावर द्यावी. तोपर्यंत त्याचा दात किंवा नख लागून घरातील कोणाला रक्त आले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. ‘पिल्लूच तर आहे’ असे म्हणून हे टाळू नये, लहान पिल्लांनाही रेबीज होतो.

सर्व लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लू घराबाहेरच काढायचे नाही, असा याचा अर्थ मात्र कोणी घेऊ नये. तीन ते साधारण चौदा आठवडे हा कुत्र्याच्या आयुष्यातील असा काळ असतो की त्यात पाहिलेले-ऐकलेले जग त्याला पुढे नेहमीचे वाटते. आपले पिल्लू नऊ आठवड्यांचे आहे, म्हणजे या काळातील महिनाभरच हातात उरला आहे. म्हणून शी घट्ट झाली आणि ते सोफ्याखालून स्वतःहून बाहेर येऊ लागले की त्याला कडेवर घेऊन सोसायटीच्या फाटकापर्यंत न्यावे, पाय जमिनीला टेकू न देता. रिक्षा, लिफ्ट, छत्री, हेल्मेट घातलेला माणूस, भाजीवाल्याची हाक हे सर्व त्याला आपल्या कुशीतून, थोड्या अंतरावरून दिसू द्यावे. घरात कुकरची शिटी आणि मिक्सर दुसऱ्या खोलीत चालू असताना त्याला खाऊ द्यावा. थरथर, कान मागे जाणे, वारंवार जांभई येणे, ओठ चाटणे हे दिसले की अंतर वाढवावे आणि त्या दिवसापुरते पुरे करावे.

साताऱ्याला त्याला त्या शनिवारी नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पोट बिघडलेले, लसी अपुऱ्या, एका प्रवासाची धास्ती ताजी, आणि जेमतेम ओळखीचे होऊ लागलेले घर पुन्हा सुटणार, हे सर्व एका वेळी नको. घरातील एकाने त्याच्याजवळ थांबावे. ते शक्यच नसेल आणि जाणे टळणारे नसेल, तर त्याला अनोळखी ठिकाणी ठेवण्यापेक्षा या आठवड्यात त्याला खाऊ घालणाऱ्या ओळखीच्या माणसाने आपल्या घरी येऊन राहणे बरे.

गाडीची भीती घालवण्याचे काम दोन आठवड्यांनी सुरू करावे. लहान पिल्लांच्या अंतर्कर्णातील तोल सांभाळणारी यंत्रणा पुरती विकसित झालेली नसते, म्हणून त्यांना गाडी लागते, आणि बहुतेकांचा हा त्रास वयाबरोबर कमी होतो. पण तोपर्यंत ‘गाडी म्हणजे मळमळ’ हे त्यांच्या मनात बसले तर गाडी सुरू होण्याआधीच लाळ गळू लागते. आधी इंजिन बंद असलेल्या गाडीत, दारे उघडी ठेवून, त्याला मांडीवर घेऊन खाऊ द्यावा. काही दिवसांनी इंजिन सुरू करून तेच करावे, मग सोसायटीला एक फेरी, मग दहा मिनिटांचा रस्ता, आणि प्रत्येक फेरीचा शेवट दवाखान्यातच होणार नाही हेही पाहावे. निघण्याआधी दोन-तीन तास पोट रिकामे ठेवावे, काच थोडी उघडी ठेवावी आणि त्याला बाहेर पळते दृश्य दिसणार नाही अशा, मागच्या सीटला पक्क्या बांधलेल्या पिंजऱ्यात बसवावे. एवढे करूनही उलटी होत असेल तर वयानुसार देता येण्याजोगी औषधे पशुवैद्यकाकडे आहेत, माणसांची गाडी लागण्याची गोळी अर्धी करून देऊ नये. लांबच्या प्रवासात थांबाल तेव्हा दार उघडण्यापूर्वी हार्नेस आणि पट्टा हातात असल्याची खात्री करावी. कारवानीचे डोके अरुंद आणि मान लांब असल्याने साधा गळपट्टा सहज निसटतो, आणि महामार्गाच्या कडेला एखादे मांजर दिसल्यावर सुटलेले या जातीचे पिल्लूही माणसाच्या पायाला गाठता येत नाही.